डबल बेल

कृष्णेच्या काठी, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडं शेजारी शेजारी राहत होती. मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. त्यामुळे एका घरातली भांडणं, कुकरच्या शिट्ट्या आणि मुलांचा अभ्यास दुसऱ्या घरात आपोआप ऐकू जाई.

एका घरात आठ वर्षांचा मुलगा होता. सगळे त्याला सोन्या म्हणत. सोन्या स्वमग्न होता. बोलायचा फार थोडं, आणि बोललाच तर समोरच्याचे शेवटचे शब्द परत म्हणायचा. मोठा आवाज त्याला सोसत नसे. मिक्सर लागला की तो मोरीत जाऊन बसे. एसटीवर मात्र त्याचा जीव होता. स्टँडवर नेलं की गाड्यांच्या पाट्यांकडे बघत तासभर उभा राही.

दुसऱ्या घरात दहा वर्षांची छकुली होती. तिला सेरेब्रल पाल्सी. चालताना तिचे पाय एकमेकांत अडकत, उजव्या हाताची मूठ उघडत नसे, शब्द लांबत लांबत बाहेर पडत. डोकं मात्र लख्ख. वाण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा ती उलटसुलट वाचून काढी.

सोन्या शाळेत जात होता, छकुली घरी शिकत होती. आणि आपण केलं तेच बरोबर, याबद्दल दोन्ही घरांना तिळभर शंका नव्हती.

सोन्याच्या वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. पोराला शाळेत घालताना त्यांनी पुष्कळ सोसलं होतं. एका शाळेने जागा भरल्या म्हणून सांगितलं, दुसरीने ‘अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात’ म्हणून वाटेला लावलं. मग त्यांनी कायदाच मिळवून वाचला. 1995च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हतीच. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते 21 केले आणि तिला त्यात जागा मिळाली. निदान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, हे त्यांनी तिसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं आणि प्रवेश घेतला. एवढी झुंज देऊन मिळालेली शाळा. सोन्याचा एकही दिवस बुडता कामा नये, असा मग घरात दंडकच झाला.

छकुलीच्या आईचं कारण वेगळं होतं. शाळेला पाच पायऱ्या, छकुलीच्या वयाच्या मुलांचा वर्ग माडीवर, मुलींचं स्वच्छतागृह मैदानाच्या पलीकडे. “पडली तर कोण उचलेल? पोरं हसली तर? आणि बाथरूमला कोण नेईल तिला?” ती विचारी. नवरा पुण्याला नोकरीला, पंधरवड्याने येणारा. सगळा भार हिच्यावर. गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी येत, तासभर शिकवून जात. बाकीचे दिवस छकुली आणि खिडकी.

संध्याकाळी सोन्याची आई शिलाई मशीन बाजूला सारून त्याला अभ्यासाला घेऊन बसे.

“सात आणि पाच किती रे सोन्या?”

“किती रे सोन्या,” सोन्या म्हणे.

“नीट सांग ना. सात आणि पाच?”

मग भिंतीपलीकडून उत्तर येई, “बाऽऽरा.”

आई बारा लिहून टाकी. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या बारावर बरोबरची खूण होई.

अशात आजी वारली आणि सोन्याचे आबा गाव सोडून मुलाकडे राहायला आले. आबा एसटीतले निवृत्त कंडक्टर. सारी नोकरी गर्दीत माणसं टिपण्यात गेली होती. कोण कुठे चढलं, कुणाचं तिकीट राहिलं, कोण स्टॉप चुकून पुढे आलं, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. सोन्याला शाळेत सोडायचं काम त्यांच्याकडे आलं. सोडून परत येऊन करायचं काय? शाळेसमोर पिंपळाचा पार होता. आबा तिथेच बसायला लागले. वर्गाची खिडकी तिथून सरळ दिसे.

परिपाठाला लाउडस्पीकर लागे, तेव्हा सोन्या रांगेच्या शेवटी दोन्ही कान दाबून उभा असे. वर्गात त्याची जागा मागच्या बाकावर, खिडकीशी. वर्गबाई वाईट नव्हत्या. जाता येता त्याच्या डोक्यावरून हात फिरवत, कधी खडू देत. पण खोली मुलांनी भरलेली, अभ्यासक्रम संपवायचा, कागदं भरायची; मागच्या बाकापर्यंत पोचायला त्यांना वेळ कुठला? हजेरीत सोन्याचं नाव आलं की शेजारचा मुलगा त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणे. त्यानंतर दिवसभर त्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नसे. तास संपला की शिपाई व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला हाणी. प्रत्येक टोल्याला सोन्या स्वतःचं मनगट दातांत धरी. मधल्या सुट्टीत खिचडीची ताटली घेऊन पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसे.

मनगटावरचे ते वळ घरात सगळ्यांना ठाऊक होते. आई रात्री तेल-हळद लावी, डॉक्टरांनी मलम दिलं होतं. चावायची सवयच आहे त्याला, असं सगळे धरून चालले होते. आबांनी जुन्या वहीत वे-बिलासारखे रकाने आखले आणि रोज संध्याकाळी मनगट बघून खूण करायला सुरुवात केली. रविवारचे रकाने कोरे राहिले. दिवाळीच्या सुट्टीत पानच्या पान कोरं गेलं. शाळा उघडली त्या दिवशी दोन्ही मनगटांवर ताजे दात उमटलेले होते.

आबांनी वही मुलापुढे ठेवली.

“आबा, घरी बसवायला एवढा झगडलो का मी?” त्याचा आवाज चढला. “आज चार पोरांत बसतोय, ते तरी बसू द्या. एकदा घरी ठेवला की जन्माचा घरचाच झाला. शेजारीच बघताय की तुम्ही.”

वाक्य भिंतीवरून पलीकडे गेलं. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

या बापाला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याची भीती खोटी नव्हती. ‘तो घरीच बरा’ असं म्हणत हजारो मुलं आपल्याकडे मागच्या खोलीत वाढली आणि गावाला त्यांचा चेहराही माहीत झाला नाही. ज्याने शाळेचं दार ढकलून उघडलं, त्याला ते आपल्या हाताने लोटायला सांगणं जड जाणारच.

पुढच्या आठवड्यात विशेष शिक्षिका छकुलीकडे आल्या, तेव्हा आबांनी दोन्ही घरांना ओसरीवर बसवलं आणि वही बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती शेवटपर्यंत चाळली.

“बाई, तुम्हीच सांगा,” सोन्याचे वडील म्हणाले, “शाळा का घर?”

“मी सांगणार नाही, दादा. काय काय करता येतं तेवढं सांगते.” आणि त्यांनी ते सांगितलं. शिक्षण हक्काचा कायदा 2009चा. त्यात 2012 साली दुरुस्ती झाली आणि तीव्र किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. तो हक्क आहे, सक्ती नाही. पायऱ्या आहेत म्हणून शाळेने कुणाला घरी पाठवावं, यासाठी तो नाही. घरी शिकणाऱ्या मुलाचं नाव शाळेच्या पटावर राहू शकतं, म्हणजे परतीची वाट मोडत नाही. शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे टप्पे आहेत. पुढे दहावीचे विषय एकदम न देता सुटे सुटे देता येतात. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी असते.

“म्हणजे शाळा सोडली तरी चालतं म्हणा की,” सोन्याचे वडील कडवटपणे म्हणाले.

“ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा नेली, दादा. पोरं शाळेत येत नव्हती म्हणून त्यांनी पोरांना शाळाबाह्य म्हटलं नाही. तेव्हा भिंती राहू द्या बाजूला. मला एवढंच सांगा, शाळेत सोन्याला एखादी गोष्ट नको असेल, तर तो ते कसं सांगतो?”

“तो बोलतच नाही, बाई. सांगणार कसा?”

बाईंनी वहीतल्या खुणांवरून बोट फिरवलं. “मग हे काय आहे?”

कुणीच बोललं नाही. बाई छकुलीच्या आईकडे वळल्या. “आणि ताई, छकुलीला एखादी गोष्ट हवी असेल, तर ती कुणाला सांगते?”

“सांगायला कशाला हवं? मला कळतं तिचं सगळं.”

“तिला विचारलंत कधी?”

छकुलीची आई पदराशी चाळा करत राहिली.

सोन्याला उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत घरी ठेवायचं ठरलं. वडिलांनी मान हलवली ती हरल्यासारखी.

आबा हुरूपाने कामाला लागले. खोलीच्या कोपऱ्यात टेबल लावलं, पाटी आणली, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. साडेदहाला मराठी, सव्वाअकराला गणित. तास बदलला हे पोराला समजावं म्हणून आबा पितळी ताटावर चमचा वाजवत. चौथ्या दिवशी सोन्याच्या मनगटावर दात उमटले. घरी. आबांच्या समोर.

आबा त्या रात्री जेवले नाहीत. शाळेतला टोला त्यांनी घरात आणून बसवला होता, इतकाच काय तो फरक. इथेही सोन्याला कुणी काही विचारत नव्हतं. घरी शिकवणं म्हणजे आपोआप मायेनं शिकवणं, असं समजणाऱ्या प्रत्येक आईबापाने ही चौथ्या दिवसाची गोष्ट लक्षात ठेवावी.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना गाडीतली दोरी आठवली. छताखालून थेट ड्रायव्हरपर्यंत गेलेली. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. बेल कंडक्टरने मारायची असते. पण अडल्या वेळी एखाद्या म्हातारीने दोरी ओढली, तरी ड्रायव्हर आधी गाडी थांबवतो आणि मग मागे वळून बघतो. का ओढली याचा जाब थांबल्यावर विचारायचा.

सकाळी त्यांनी बाजारातून बैलाच्या गळ्यातली छोटी घंटा आणली, ओसरीच्या वाशाला बांधली आणि सुतळी सोन्याच्या हाताला लागेल इतकी खाली सोडली. आवाज हलका होता. आणि मुख्य म्हणजे तो सोन्याच्या हातात होता.

पहिल्यांदा आबांनीच खेळ सुरू केला. ओसरीवर उभं राहून पुण्याच्या गाडीचे थांबे म्हणायचे: “स्वारगेट, खेड शिवापूर, शिरवळ…” मध्येच स्वतः एक बेल मारायची आणि तोंड मिटायचं. दोन बेल मारल्या की पुढे. तीन-चार दिवस सोन्या नुसता बघत होता. मग एकदा आबा “पाचवड” म्हणत असताना त्याने झेप घेऊन सुतळी ओढली. एक. आबा ‘पाच’वर थांबले, तोंड उघडं ठेवून. सोन्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. आबा हलले नाहीत. आतून दूध उतू गेल्याचा वास आला, तरी हलले नाहीत. सोन्याने सुतळी ओढली. दोन.

“वड!” आबा म्हणाले.

सोन्या हसला. असा हसला की सोन्याची आई दुधाचं पातेलं हातात घेऊनच बाहेर आली. त्या सकाळी त्याने आबांना कितीदा थांबवलं याला गणती नव्हती. पाणी पिताना थांबवलं, धोतर सावरताना थांबवलं. आबा दर वेळी थांबले. एकदाही ‘पुरे आता’ म्हणाले नाहीत. आपण थांबवलं की मोठं माणूस थांबतं, हे त्या पोराला आठ वर्षांत पहिल्यांदाच समजत होतं. त्यात कंजुषी करून चालणार नव्हतं.

वेळापत्रक उतरलं. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून आबांनी तिकिटं केली, थांब्यांच्या पाट्या केल्या. महाबळेश्वरचा म, पाचगणीचा प. सोन्याला बरीच अक्षरं आधीपासून येत होती. स्टँडवर उभं राहून त्याने ती पाट्यांवरून उचलली होती आणि ती कुणी तपासलीच नव्हती. शिरवळला बारा माणसं बसली, भुईंजला पाच उतरली, गाडीत किती? सोन्या सातचा पुठ्ठा उचलून देई. जमेना झालं की एक बेल. आबा पुठ्ठे खाली ठेवत आणि दोघं कृष्णेच्या घाटावर चक्कर मारून येत. वहीचे रकाने कोरे पडू लागले.

गोष्ट इथे गोड झाली असं वाटेल, पण तशी ती झाली नव्हती. आबांचे गुडघे दुपारनंतर साथ देत नसत. मग पुढचं सगळं आईवर. भरवणं, अंघोळ, पुठ्ठे, आठवड्यातून दोनदा साताऱ्याला थेरपीला नेणं. मशीनवर चादर पडली होती. लग्नसराईत ब्लाउजची कामं तिने परत पाठवली. घरात कुणी काही म्हटलं नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही.

एका दुपारी ओसरीवर एक बेल वाजली. पडलेले आबा उठून बसले. सोन्या कोपऱ्यात पुठ्ठे लावत होता. सुतळी आईच्या हातात होती.

“सूनबाई?”

“मला थांबायचंय, आबा,” ती म्हणाली. “थोडंच. पण थांबायचंय.”

आपल्या घरांतून ‘मुलाला घरी शिकवू’ असं ठरतं तेव्हा त्या वाक्याचा कर्ता बहुधा आई असते, आणि ठरवणाऱ्यांत तिला शेवटी विचारलेलं असतं. तिची कमाई जाते, झोप जाते, माणसांत ऊठबस जाते. वर ‘तू घरीच तर असतेस’ हे ऐकून घ्यावं लागतं. हा हिशेब मांडल्याशिवाय घरच्या शाळेचं कौतुक करणं मला अन्यायाचं वाटतं.

त्या घरात मात्र बेल वाजल्यावर थांबायचं हा नियम झाला होता, आणि तो सगळ्यांना लागू होता. सकाळ आबांकडे राहिली. थेरपीची एक खेप वडिलांनी घेतली. दुपारी ते सोन्याला दुकानात नेऊ लागले, आधी नाइलाजाने. तिथे मोटारीच्या कॉइलला तांब्याची तार गुंडाळताना वेढे मोजावे लागतात. एक वेढा कमी-जास्त झाला तर काम उलगडायची पाळी. फोन आला की वडिलांची मोजदाद नेहमी चुके. एकदा फोन ठेवून ते परत पहिल्यापासून मोजायला लागले, तेव्हा सोन्या म्हणाला, “चौऱ्याऐंशी.” वडिलांनी तार उलगडून मोजली. चौऱ्याऐंशी होते.

त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. घरी येऊन बायकोला हे सांगताना त्यांचा स्वर लागेना.

आणि भिंतीपलीकडे? छकुलीने हे सगळं ऐकलं होतं. ‘जन्माचा घरचाच झाला’ हेही ऐकलं होतं. एका संध्याकाळी भिंत धरत धरत ती शेजारच्या ओसरीवर आली, डाव्या हाताने सुतळी पकडली आणि दोनदा ओढली.

“कुठे निघालीस गं?” आबांनी विचारलं.

“शाऽऽळेत.”

तिची आई दारात उभी होती. ती काहीतरी बोलणार होती, बोलली नाही.

पुढचं काम सोन्याच्या वडिलांनी अंगावर घेतलं. तोच कायद्याचा कागद, तेच मुख्याध्यापक. वर्ग खाली आला. रॅम्प मंजूर झाला. गवंड्याने तो आधी इतका चढा घातला की धडधाकट माणूसही घसरावा. एक फूट उंचीला बारा फूट उतार लागतो, हे विशेष शिक्षिकेने उभं राहून सांगितलं आणि तो तोडून परत घातला. स्वच्छतागृहात धरायला दांडी बसली. जूनमध्ये छकुली पाचवीत जाऊन बसली. पहिल्या महिन्यात पडली. दोन मुलींनी उचललं, गुडघ्याला माती लावली आणि तिघी हसत बसल्या. आईला ते आठवड्याने कळलं, तेही दुसऱ्याच मुलीकडून. दहावीला तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात आणि लेखनिक मिळतो, हे बाईंनी सांगितल्यापासून छकुलीचा एकच प्रश्न होता: “मी सांगेन तेच लिहील ना तो?”

सोन्याचीही परतीची वाट तिनेच काढली. त्याच्या वर्गबाईंना तिने बेलची हकिकत सांगितली. शाळेत घंटा टांगता येणार नव्हती, म्हणून आबांनी पांढऱ्या पुठ्ठ्याचं कार्ड केलं. ते टेबलावर ठेवलं की सोन्याने उठून व्हरांड्यात जायचं, कुणी अडवायचं नाही. टोला पडायच्या आधी शिपाईमामा त्याला हाताने खूण करत. सुरुवात एका तासाने केली, खिचडीपर्यंतच. पहिल्या दिवशी हजेरीत त्याचं नाव आलं आणि शेजारच्या मुलाने सवयीने ‘हजर’ म्हटलं. बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि सोन्याकडे बघत थांबल्या. वर्ग चुळबुळ करायला लागला तरी थांबल्या. सोन्याने कार्ड उचलून डोक्यावर धरलं.

एका तासाचे दोन झाले. मग स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या, ढोल आले. सोन्याने एका सकाळीत तीनदा कार्ड ठेवलं आणि चौथ्यांदा थेट आबांकडे पारावर येऊन बसला. दोन आठवडे तो गेला नाही. “झालं, पुन्हा मागे आलो,” वडील म्हणाले. आबांनी वही काढून दाखवली. मनगटाचे रकाने कोरेच होते. त्याने आधी कार्ड ठेवलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही घरं पुन्हा ओसरीवर बसली. विशेष शिक्षिकाही होत्या. सोन्याने मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत जायचं आणि दुपारी दुकानात, असं ठरत होतं. मुक्त विद्यालयाच्या तिसरीच्या टप्प्याची चौकशी वडील करणार होते.

“आता एवढं जमतंय तर पूर्ण दिवस का नाही पाठवत?” छकुलीच्या आईने विचारलं. लेक शाळेत रमल्यापासून तिला शाळेशिवाय दुसरं काही सुचत नसे.

“दिवाळीपर्यंत असंच,” सोन्याची आई मशीनवरून न उठता म्हणाली. “मग त्याची मनगटं बघू, वह्या बघू, आणि परत बसू. तेव्हा अर्ध्याचा पूर्ण करू, नाहीतर अर्ध्याचा पाव.”

“माझंही आहे,” छकुली म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. “शनिवाऽऽरी मला घरी राहायचंय.”

“अगं, एवढा रॅम्प करून घेतला तुझ्यासाठी!” तिची आई म्हणाली.

“पाय दुखतात. शनिवारी व्यायाऽऽम करायचा आणि झोपायचं. बाकीचे दिवस शाळा.”

आई विशेष शिक्षिकेकडे बघू लागली. बाई छकुलीकडे बघत होत्या.

मुख्याध्यापकांना सोमवारी अर्ज द्यायचा ठरला. छकुलीने सांगायचा आणि सोन्याच्या आईने लिहायचा, शब्द न बदलता.